अनारसे : दर दिवाळीला येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

चकली बिघडली तर लोक भाजणीला दोष देऊन मोकळे होतात. अनारसा बिघडला की मात्र फोन येतो, आणि तोही कढई गॅसवर असताना. अशा फोनांमधून आणि निरोपांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. आधीच सांगते, अनारशाची भानगड कढईत दिसते, पण झालेली असते फार आधी, तांदूळ फडक्यावर पसरलेला असताना. त्यामुळे चौथा प्रश्न तेवढा नीट वाचा. बाकीचे गरजेपुरते वाचले तरी चालतील.

१. दिवाळीला अनारसे करायचे आहेत. तांदूळ कधी भिजत घालू?

लक्ष्मीपूजनाच्या दहा-अकरा दिवस आधी. दिवस उलटे मोजत या. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. नैवेद्याला अनारसे हवेत तर ६ तारखेला, धनत्रयोदशीला, तळायला बसा. पीठ गुळात पाच-सहा दिवस मुरायला हवं, म्हणजे ते ३१ ऑक्टोबरला डब्यात गेलं पाहिजे. त्याआधी तीन दिवस भिजवणं, म्हणून २८ ऑक्टोबरला सकाळी तांदूळ पाण्यात. धनत्रयोदशीला आठवण झाली असेल तर यंदा शंकरपाळे करा.

२. तांदूळ कोणता घ्यायचा? बासमतीचे जास्त चांगले होतात का?

नाही. साधा, जाडसर आणि जुना तांदूळ घ्या. जुना कोलम उत्तम. नवा तांदूळ चिकट असतो, त्याचं पीठ तुपात गेलं की पसरतं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर नवा असेल तर त्याचं हेच होतं. बासमती वाया घालवण्यात अर्थ नाही, त्याचा सुगंध तीन दिवसांच्या पाण्यात निघून जातो. उकडा तांदूळ मुळीच नको. तो आधीच वाफेत शिजलेला असल्यामुळे त्याला जाळी पडत नाही.

आमच्या आजीचा भरवसा रेशनच्या तांदळावर होता आणि माझाही आहे. हल्ली त्यात अधूनमधून वेगळे, जरा पिवळट दाणे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून घबराट होते. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून बनवलेले दाणे असतात. शंभर दाण्यांत साधारण एक एवढंच त्यांचं प्रमाण. माझे अनारसे त्यांच्यामुळे आजवर बिघडलेले नाहीत.

३. तीन दिवस का भिजवायचे? दुसऱ्याच दिवशी पाण्याला आंबूस वास आला, टाकून देऊ का?

टाकू नका, तो वास यायलाच हवा. तीन दिवसांत दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि तांदूळ हलका आंबतो. दाणा बोटांत चुरडला तर कण न लागता पीठ व्हावं, यासाठी हा खटाटोप. एका रात्रीच्या भिजवणीने दाण्याचा गाभा टणकच राहतो. मग पीठ रवाळ निघतं आणि अनारसा दगड होतो.

मात्र पाणी रोज बदलायचं. जुनं ओतून द्यायचं, तांदूळ हलक्या हाताने खळबळून घ्यायचा, नवं पाणी घालायचं. ऑक्टोबर हीटमध्ये किंवा नागपूरकडच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला. आंबूस वास ठीक आहे. पाणी तार धरायला लागलं, तांदूळ बुळबुळीत लागला किंवा गुलाबी-काळे ठिपके दिसले, तर ती घाण (भांडं नीट न घासल्याची बहुतेक), ते सगळं फेकून द्या.

४. तांदूळ फडक्यावर किती वेळ वाळवायचा? कुणी अर्धा तास म्हणतं, कुणी दोन तास.

दोघंही बरोबर, कारण एक कोकणात राहतो आणि एक सोलापुरात. घड्याळ लावून हे काम होत नाही. तांदूळ निथळून सुती पंच्यावर किंवा धोतराच्या फडक्यावर पातळ पसरायचा. सावलीत, पंख्याखाली चालेल, पण उन्हात नाही. उन्हात वरचा थर खडखडीत होतो आणि आत ओल राहते, मग दळताना अर्धं पीठ आणि अर्धा रवा.

खूण अशी: मूठभर तांदूळ दाबून मूठ उघडली की दाणे तळहाताला चार-दोन चिकटले पाहिजेत, पण हात ओला होता कामा नये. गालाला लावला तर गार लागला पाहिजे. दळल्यावर त्या पिठाची मूठ वळली की वळकटी टिकली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटली पाहिजे.

खुणांवर भरवसा नसेल तर वजनकाटा काढा. मी अर्धा किलो कोरडा तांदूळ घेते. तीन दिवस भिजून निथळला की तो सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. वाळताना मधूनमधून तोलते आणि पावणेसहाशेच्या जवळ आला की फडकं उचलते. म्हणजे पोटात गेलेल्या पाण्यापैकी निम्मंशिम्मं उडालं, निम्मं राहिलं. हे राहिलेलं पाणीच पुढे गुळाला विरघळवतं. ते जास्त राहिलं तर पीठ सैल होऊन अनारसा कढईत फुटतो, आणि सगळं उडालं तर गूळ तसाच कोरडा राहतो आणि पीठ मुरतच नाही. बाकी सगळ्या चुका निस्तरता येतात, ही मात्र महागात पडते.

५. मिक्सर चालेल की खलबत्ताच हवा? गिरणीतून आणलं तर?

मिक्सर चालतो. थोडा थोडा तांदूळ घालायचा, थांबत थांबत फिरवायचं, भांडं गरम होऊ द्यायचं नाही. मग मैद्याच्या चाळणीने किंवा पातळ फडक्याने चाळायचं. वर राहिलेला रवा पुन्हा फिरवायचा. अगदी शेवटी उरलेला मूठभर रवा हट्टाने पिठात ढकलू नका, त्याची खीर करा.

गिरणीत नेऊ नका. ओला तांदूळ गिरणीवाला घेणार नाही, घेतलाच तर आधीच्या गिऱ्हाइकाचं ज्वारी-बाजरीचं पीठ त्यात येणार. चाळलेल्या कोऱ्या पिठातलं वाटीभर वेगळं काढून फ्रीजमध्ये ठेवा. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. गुळाचं प्रमाण नक्की किती? सासूबाई ‘पाऊण’ म्हणतात आणि आई ‘सारखा’ म्हणते.

भांडायचं कारण नाही. सासूबाई बहुधा वाटीने मोजतात आणि आई वजनाने. ओलसर, चाळलेलं पीठ हलकं आणि फुललेलं असतं, तर चिरलेला गूळ दाबून भरला की जड. त्यामुळे वाटीभर पिठाला पाऊण वाटी दाबून गूळ आणि वजनाने पिठाएवढाच गूळ, हे जवळपास एकच. मी १०० ग्रॅम पिठाला ९० ग्रॅम गूळ घेते. त्यात चमचाभर साजूक तूप. हे सगळं हाताने चांगलं रगडून, घट्ट गोळे वळून डब्यात दाबून भरायचं. वरून पाण्याचा थेंबही नाही, दूधही नाही.

७. चिकीचा गूळ चालतो का? आणि साखरेचे करायचे असतील तर?

चिकीचा गूळ नको, तो तापला की तार धरतो आणि थंड झाल्यावर अनारसा दाताला चिकटतो. साधा, मऊ, पिवळसर गूळ घ्या. कोल्हापुरी चांगला. किसून किंवा अगदी बारीक चिरून घ्या. गुळाचा एकेक खडा पुढे कढईत एकेक भोक पाडतो.

साखरेचे होतात. पिठीसाखर वाटीला वाटी घ्यायची. ते रंगाने फिके, दिसायला सुंदर आणि जास्त कुरकुरीत असतात. गुळाचे खमंग. मला स्वतःला साखरेचा अनारसा म्हणजे इस्त्री केलेल्या कपड्यातल्या पाहुण्यासारखा वाटतो, पण मुलांना तेच आवडतात.

८. गूळ घालून लगेच तळले तर काय होतं? थांबायचंच का?

लगेच तळलेला अनारसा बहुधा नुसता गोड पापड होतो. गूळ घातल्यावर पीठ आधी कोरडं, भगराळ दिसतं. मग गूळ तांदळातली ओल ओढून घेतो, विरघळतो आणि पिठाच्या कणाकणात शिरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा उघडला की तेच पीठ मऊ, ओलसर आणि रंगाने गडद झालेलं असतं. तुपात गेल्यावर हा मुरलेला गूळ वितळतो, आतल्या ओलीची वाफ बाहेर पडते आणि तिच्या वाटांची जाळी होते. किमान तीन दिवस, पाच असतील तर उत्तम. डबा फ्रीजबाहेर, सावलीत. एका दिवसाआड वर-खाली करून पुन्हा दाबून ठेवा.

९. पाच दिवसांनी डबा उघडला तर पीठ अजून कोरडंच आहे. आता?

तांदूळ जास्त वाळला होता. केळं हा यावरचा जुना उपाय. पिकलेल्या केळ्याची पातळ चकती वाटीभर पिठात कुस्करून मळायची, पुरेल. केळं नको असेल तर दुधाचे चार थेंब किंवा चमचाभर दही. एक पथ्य पाळा: आज जेवढे तळायचे तेवढ्याच पिठात हे घालायचं. सगळ्या डब्यात दूध-केळं गेलं की ते पीठ ठेवणीचं राहत नाही.

पीठ उलट सैल झालं असेल तर ते दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्याने आवळलं नाही तर प्रश्न ११ मधला उपाय.

१०. थापताना खसखस खाली की वर? आणि तळताना उलटायचा का?

थापताना खाली, कढईत वर. प्लास्टिकच्या कागदावर किंवा केळीच्या पानावर खसखस पसरायची, लिंबाएवढी गोळी तिच्यावर ठेवून बोटांनी पुरीसारखं थापायचं. कडा आणि मध्य सारखे, फार पातळ नको. मग उचलून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात अलगद सोडायचा. उलटायचा नाही. उलटला की खसखस तुपात उतरून जळते आणि जाळी दबते. झाऱ्याने किंवा चमच्याने कडेचं गरम तूप वर उडवत राहायचं, वरची बाजू त्यानेच शिजते.

एका वेळी एकच अनारसा. दोन सोडले तर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. खोल कढईपेक्षा लहान, सपाट बुडाची कढई बरी, तिच्यात आकार टिकतो. सोनेरी बदामी रंग आला की काढा, बाहेर आल्यावर तो आणखी एक छटा गडद होतो. काढलेले अनारसे चाळणीत उभे करून ठेवा. आडवे ठेवले तर जाळीत तूप साचून राहतं.

११. अनारसा हसतोय! तुपात सोडला की विरघळून भुगा होतो. काय करू?

हा फोन सगळ्यात जास्त येतो. पहिलं काम, गॅस बंद करा आणि कढईतला भुगा झाऱ्याने काढून घ्या. तो जळला तर पुढच्या सगळ्या अनारशांना कडू वास लागेल.

हसण्याची कारणं तीन. एक, गूळ जास्त झालाय. गूळ वितळतो आणि त्याला धरून ठेवायला पुरेसा तांदूळच नसतो. दोन, ओल जास्त राहिलीय (प्रश्न ४). तीन, तूप पुरेसं तापलेलं नाही, म्हणून अनारसा बांधला जायच्या आत सुटतोय. तिसरं कारण आधी तपासा, कारण ते फुकटात सुधारतं: तूप थोडं तापवा आणि सुपारीएवढी गोळी टाकून पाहा. ती तळाशी जाऊन सावकाश वर आली आणि अख्खी राहिली, तर दोष तापमानाचा होता.

तरीही फुटली तर ते वाटीभर कोरं पीठ काढा. हसणाऱ्या पिठात दोन-दोन चमचे घालून मळा, अर्धा तास झाकून ठेवा, पुन्हा एक गोळी तळून पाहा. असं दोन-तीनदा करावं लागतं. कोरं पीठ ठेवलंच नसेल तर बारीक रवा किंवा तांदळाची साधी पिठी चमचा-चमचा घालून वेळ निभावता येते. अनारसे होतील, पण जाळी यथातथाच.

आमच्या घरी अनारसा हसला की आजी स्वयंपाकघरात कोण डोकावलं याची चौकशी करायची. नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या की शांतपणे पिठात मूठभर कोरं पीठ मिसळायची. श्रेय मोहऱ्यांना मिळायचं.

१२. फुटत नाही, पण जाळीही पडत नाही. पुरीसारखा गुळगुळीत राहतो.

हसण्याच्या उलटं दुखणं. गूळ कमी, पीठ कोरडं किंवा मुरायला कमी दिवस मिळाले. आधी दोन दिवस थांबून पाहा. थांबायला वेळ नसेल तर वाटीभर पिठाला चमचाभर किसलेला गूळ आणि प्रश्न ९ मधलं केळं घालून तासभर झाकून ठेवा. थापताना जोर लावून दाबत असाल तर तेही एक कारण आहे.

१३. कुरकुरीत होण्याऐवजी कडक होतात. दात पडायची वेळ!

पीठ रवाळ राहिलं, गूळ चिकीचा होता किंवा मंद आचेवर फार वेळ तळलं गेलं. तळलेल्याला उपाय नाही. उरलेल्या पिठात चमचाभर तूप जास्त घालून मळा आणि जरा जाडसर थापा. अनारसा कडेला कुरकुरीत आणि मध्ये किंचित मऊ असावा. सगळाच कुरकुरीत हवा असेल तर तुम्हाला चिरोटे हवे आहेत.

१४. तूपच हवं का? तेलात किंवा डालड्यात नाही चालत?

तेलात होतात, पण दोन दिवसांनी वास मारतात, कारण जाळीत चरबी बरीच राहते. वनस्पती तुपात तळलेला अनारसा थंड झाला की टाळूला मेणासारखा चिकटतो. साजूक तूप परवडत नसेल तर कमी अनारसे करा, पण तुपात करा. सपाट लहान कढईत एका वेळी पाव किलो तूप पुरतं. एअर फ्रायरबद्दल विचारणाऱ्यांना: मी करून पाहिलं. तो एक चविष्ट, चपटा तांदळाचा ढेकूळ होता.

१५. बाजारातल्या तांदळाच्या पिठीचे किंवा ‘तयार अनारसे पिठा’चे होतात का?

या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तांदळाची कोरडी पिठी उकडीच्या मोदकांसाठी. तिच्यात ना ओल, ना आंबणं. पाणी शिंपडून ओली केली तरी अनारसा होत नाही.

‘अनारसे पीठ’ म्हणून दिवाळीत जे मिळतं ते गूळ घालून मुरवलेलं असतं. पुण्या-मुंबईत घरगुती फराळवाल्या बायका ते किलोवर विकतात आणि त्यात काही कमीपणा नाही. घेताना हाताने दाबून पाहा, मऊ हवं. आणल्यावर एक अनारसा तळून पाहिल्याशिवाय सगळं मळू नका.

१६. पीठ किती टिकतं, अनारसे किती टिकतात?

दूध-केळं न घातलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात थंडीच्या दिवसांत महिनाभर, फ्रीजमध्ये दोन-तीन महिने. फ्रीजमधलं पीठ तळायच्या चार तास आधी बाहेर काढा. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळा डबा टाका, वरचा थर खरवडून भागत नाही. दारूसारखा वास आला तरीही तेच. तळलेले अनारसे पूर्ण गार करून डब्यात भरले तर पंधरा दिवस. कोमट भरले तर तिसऱ्या दिवशी मऊ पडतात.

१७. मुलगी परदेशात आहे. फराळात अनारसे पाठवू का? तिला तिथेच करायचे असतील तर?

आधी देश बघा. खसखस अफूच्या बोंडातली, त्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यावर बंदी आहे, दुबईला जाणाऱ्याच्या बॅगेत खसखशीचे अनारसे देऊ नका. सिंगापूरलाही तेच पथ्य. त्यांच्यासाठी पांढरे तीळ किंवा बारीक रवा लावून करा, छान लागतात.

थंड देशात तांदूळ आंबत नाही ही तिथली मुख्य अडचण. पाणी कोमट घालायचं, भांडं हीटरजवळ ठेवायचं आणि तीनच्या जागी चार दिवस द्यायचे. हीटरच्या कोरड्या हवेत वाळवताना मात्र तांदळातलं पाणी पटकन उडतं, म्हणून तिला वजनकाटाच वापरायला सांगा.

१८. अधिक महिन्यात जावयाला अनारसेच का देतात? आणि ३३ च का?

अधिक मासात ३३ अपूपांचं दान सांगितलेलं आहे. अपूप म्हणजे तळलेला गोड वडा-घारगा म्हणा. आपल्याकडे त्या जागी अनारसे आले, कारण वाणाचा पदार्थ जाळीदार हवा असा संकेत. म्हणून बत्तासे आणि म्हैसूरपाकही चालतात. अधिक महिना साधारण ३३ महिन्यांनी येतो, त्याचाही ३३ शी मेळ घातला जातो.

२०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन उकाड्यात. अशा वेळी पाणी दिवसातून दोनदा बदलणं आणि पीठ दोन दिवस मुरलं की फ्रीजमध्ये ठेवणं, हे दोन्ही करा. आणि ३३ द्यायचे तर पीठ ४५ चं घ्या. काही हसणार, काही घरातले पळवणार.

१९. बिहारचा अनरसा, आंध्राचे अरिसेलु आणि आपला अनारसा एकच का?

भावंडं आहेत. गयेचा अनरसा बहुधा तीळ लावलेला, कधी गोल गोळीसारखा, आत खवाही असतो. आंध्र-तेलंगणातले अरिसेलु, तमिळनाडूचं अधिरसम आणि ओडिशाचा आरिसा पिठा यांत गुळाचा पाक करून त्यात ओलसर तांदळाचं पीठ घालतात. ते मऊ आणि भरीव होतात, तळल्यावर दाबून तूप काढतात. आपण पाक करत नाही, गूळ कच्चाच मुरवतो, म्हणून आपल्याकडे जाळी आणि म्हणूनच आपल्याकडे हसण्याची भीती. त्यांची कृती वाचून आपल्या पिठात पाक ओतू नका. गेल्या दिवाळीत तिघींनी ओतला होता.

२०. हसलेल्या अनारशांचा भुगा आणि उरलेलं तूप यांचं काय करायचं?

भुगा चाळणीत नीट निथळू द्या, मग त्यात सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस आणि वेलची घालून लाडू वळा. आमच्याकडे हे लाडू अनारशांच्या आधी संपतात. तूप गाळून घ्या. त्यात गुळाचा आणि खसखशीचा वास राहतो, म्हणून फोडणीला नको. शिऱ्याला वापरा, नाहीतर गरम भाकरीवर घाला.